पराठ्यात लपलेले पालक

ऑफिसातला लंच टाइम हा खरं तर गॉसिपसाठी राखीव. कोणाचं अप्रेझल कसं झालं, कोण पेपर टाकतंय, एचआरमधल्या नव्या मॅडमचा रुबाब, वगैरे वगैरे. पण आमच्या टेबलावर सध्या भलताच विषय गाजतोय. भाज्या! आमच्या डब्यातल्या नव्हेत, आमच्या पोरांच्या पोटात ढकलायच्या. एकीने इडलीच्या पिठात बीट वाटून 'बार्बी इडली' केलेली असते. दुसरीने पालक घालून 'हल्क डोसा'. टेस्टिंगमधला एक बाबा (हो, डबे हल्ली बाबालोकही भरतात) पास्ताच्या सॉसमध्ये पाव किलो लाल भोपळा रिचवतो आणि टाळी मागत म्हणतो, "पोराला पत्ताच लागला नाही!"

त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ना, ते मी एकाही रिलीजनंतर बघितलेलं नाही.

मराठीत त्या हिरव्या पालेभाजीला आणि मुलांच्या आईबापांना एकच शब्द आहे, पालक. मला तरी हा योगायोग वाटत नाही. मुलं दोघांनाही सारखीच टाळतात, आणि दोघांबद्दलही त्यांना 'तुझ्या भल्यासाठीच आहे' असंच सांगितलं जातं.

आता ही सगळी लपवाछपवी कशासाठी? पूर्वी 'भाजी खा, रक्त वाढतं' एवढ्यावर भागायचं. आता भाजीने लक्षही वाढायला हवं असतं. पालकसभेत (बघा, पुन्हा पालक!) टीचर म्हणतात, "हुशार आहे हो, पण कॉन्सन्ट्रेशन नाही. सारखा खिडकीकडे बघत बसतो." हे ऐकून घरी पोचेपर्यंत रिक्षातच मोबाइलवर शोधाशोध सुरू. तिथे एका अतिशय चकाचक किचनमधली बाई सांगत असते की पालक, ब्रोकोली, बीट ही 'ब्रेन फूड्स' आहेत, अमुक मफिन्स रोज द्या आणि फरक बघा. संपलं! दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बिल्डिंगभर मिक्सरची घरघर.

मीही याच जमातीतली. घरात सात वर्षांची कन्या आहे, दुसरीत. तिला बटाटा धावतो, भेंडी चालते आणि उरलेल्या समस्त भाज्या 'शीऽऽ' या एकाच गटात मोडतात. माझ्याही थालीपिठात दुधी असतो, त्यामुळे उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. पण या विषयावर माझं मत जरा वेगळं आहे आणि लंच टेबलावर ते कोणी पूर्ण बोलू देत नाही, म्हणून इथे.

आधी त्या एकाग्रतेचं बघू. सरळच सांगते, जी खाल्ली की पोरगं पुस्तकाला चिकटून बसेल अशी एकही भाजी पृथ्वीतलावर नाही. असती तर आपल्या आयांनी ती आपल्याला दहावीत तिन्ही त्रिकाळ खायला घातली असती.

मग भाजी आणि डोकं यांचा काही संबंधच नाही का? आहे ना. पण तो जादूचा नाही, कमतरतेचा आहे. सगळ्यात मोठं नाव लोहाचं. रक्तातलं हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं, हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं आणि मेंदू हा ऑक्सिजनचा मोठा गिऱ्हाईक. शिवाय डोपामिनसारखी मेंदूतली रसायनं तयार व्हायलाही लोह हवं. ते कमी पडलं की मूल दमतं, किरकिर करतं आणि समोरच्या गोष्टीत त्याचं लक्ष टिकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या मुलांमधलं ॲनिमियाचं प्रमाण देशात ६७.१ टक्के निघालं. आपल्या महाराष्ट्रात ६८.९ टक्के. म्हणजे तिघांतली दोघं! 'ती खेड्यापाड्यातली असतील' असं म्हणून पान उलटू नका, शहरांतला आकडाही साठीच्या वरच आहे. सगळाच ॲनिमिया लोहाअभावी होत नाही, पण मोठा वाटा त्याचाच.

आणि ज्या मुलाचं लोह व्यवस्थित आहे त्याला दुप्पट पालक खाऊ घालून लक्ष दुप्पट होत नाही. टाकीत पेट्रोल नसेल तर स्कूटर चालत नाही हे खरं, पण टाकी फुल्ल केली म्हणून ती काही विमानासारखी उडत नाही.

शिवाय त्या पालकाची ख्याती जरा जास्तच झालीय. याला जबाबदार पॉपाय. १९२९ साली हा खलाशी कॉमिकमध्ये अवतरला आणि पुढे पालकाचा डबा घशात रिकामा करून त्याने जगभरच्या आयांना कामाला लावलं. पालकात लोह आहे, नाही असं नाही. पण वनस्पतींमधलं लोह आपलं शरीर मुळातच हात आखडता ठेवून घेतं, आणि पालकातलं तर आणखीनच कमी. त्याला ढकलायला क जीवनसत्त्व लागतं. म्हणून वरून लिंबू पिळा, टोमॅटो घाला, जेवणानंतर पेरूची फोड द्या. पालेभाजीच्या ताटात डाव्या बाजूला लिंबाची फोड वाढणाऱ्या आपल्या आज्यांना हे सगळं कोणी सांगितलं होतं, देव जाणे. याउलट डब्यात पालक पराठा आणि त्यासोबत कपभर चहा, हे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं. चहातली टॅनिन्स लोहाला अडवून धरतात. चहा द्यायचाच असेल (मी देत नाही, सासूबाई देतात, तो वेगळा कॉलम होईल) तर जेवणापासून लांब द्या. लोहासाठी पालकाच्याच मागे लागायचंही कारण नाही. डाळी आहेत, हरभरे आहेत, अळिवाचे लाडू आहेत, आणि खाणाऱ्यांच्या घरी मटण-मासे आहेत, ज्यांतलं लोह बरंच सहज अंगी लागतं.

'बार्बी इडली'ला मात्र माझे पूर्ण मार्क, आणि ते बीटासाठी नाहीत, रंगासाठी आहेत. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचा एक अभ्यास २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची मुलं घेतली, त्यांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट घातलेलं पेय दिलं, तर मुलांचा चुळबुळेपणा वाढलेला दिसला. सगळ्यांचा सारखा नाही, पण दिसला. २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांच्या पदार्थांवर 'मुलांच्या हालचालींवर व लक्षावर परिणाम होऊ शकतो' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. तेव्हा गुलाबी हवंच असेल तर बीट बरं. (साखरेने पोरं चेकाळतात, हा आपला लाडका समज मात्र खोटा. अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा १९९५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात साखरेचा आणि वागण्याचा काही संबंध सापडला नाही. बर्थडे पार्टीत पोरं चेकाळतात ती पार्टीमुळे!)

आता जरा हिशेब. आपण सगळे एक्सेल शीटवर पोट भरणारे लोक, पण किचनमध्ये शिरलं की गणित बाहेर ठेवतो. समजा तुम्ही 'हेल्दी गाजर मफिन्स' केले. एक मध्यम गाजर किसलं तर साठ-सत्तर ग्रॅम भरतं. त्याचे बारा मफिन. म्हणजे एका मफिनमध्ये गाजर पाच-सहा ग्रॅम! पोराने दोन खाल्ले तरी पोटात गेलं गाजर जेमतेम बारा ग्रॅम. बरोबर मैदा किती गेला, साखर किती गेली, ते तुमचं तुम्ही मोजा. याच्या शेजारी सरकारी शाळेतली खिचडी ठेवून बघा. मध्यान्ह भोजन योजनेत (२०२१ पासून तिचं नाव पीएम पोषण) पाचवीपर्यंतच्या मुलाला शाळेच्या दिवशी ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी, असा निकष आहे. प्रत्यक्षात ती किती पडते हा वादाचा विषय होऊ शकतो, पण निदान आकडा ठरलेला आहे. आमच्या मफिनमध्ये नुसत्या भावना.

लपवायचंच तर भरपूर लपवा, असं माझं म्हणणं. एक वाटी भाजणीला एक वाटी किसलेला दुधी घ्या. दुधीला पाणी सुटतं, त्यातच पीठ मळलं जातं, वेगळं पाणी फारसं लागत नाही. ओवा, तीळ, हळद, तिखट, मूठभर कोथिंबीर. (दुधीचा तुकडा आधी स्वतः चाखा. कडू निघाला तर पैशांकडे न बघता सरळ फेकून द्या, कडू दुधी विषारी असतो.) याची दोन थालीपिठं होतात, म्हणजे एकात साधारण पन्नास ग्रॅम दुधी. सरकारी माप पुरं! वर लोण्याचा गोळा ठेवायला लाजू नका. गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या यांच्यातलं बीटा कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागतं, तेव्हा तूप-लोण्याला इथे शास्त्राधार आहे. आणि पालक किंवा बीट उकडलेलं पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही, त्यात कणीक मळायची.

तर लपवण्याचं हे शास्त्र काही आपल्या लंच टेबलावर जन्मलं नाही. २००७ साली अमेरिकेत दोन पुस्तकं पाठोपाठ आली. मिसी चेस लापीन यांचं 'द स्नीकी शेफ' आणि कॉमेडियन जेरी साइनफेल्डच्या बायकोचं, जेसिका साइनफेल्ड यांचं 'डिसेप्टिव्हली डिलिशस'. दोन्हींत तीच युक्ती. भाज्या उकडा, वाटा, प्युरी फ्रीझ करा आणि पोरांच्या आवडत्या खाण्यात गुपचूप ढकला. जेसिकाबाईंच्या ब्राउनीत चक्क गाजर आणि पालक! दुसरं पुस्तक तुफान चाललं, आणि २००८ च्या जानेवारीत लापीनबाई कोर्टात गेल्या, माझी कल्पना चोरली म्हणून. २००९ मध्ये दावा फेटाळला, २०१० मध्ये अपिलातही तेच झालं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की पोरांच्या जेवणात भाजीची प्युरी लपवणं ही एक कल्पना झाली आणि कल्पनेवर कोणाचा कॉपीराइट नसतो. बरं झालं बाई! नाहीतर आमच्या आजीला पावभाजीत दुधी ढकलल्याबद्दल न्यूयॉर्कला रॉयल्टी पाठवावी लागली असती.

आणि युक्ती चालते, हेही कबूल करायला हवं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत तीन ते पाच वर्षांच्या सुमारे चाळीस मुलांवर प्रयोग झाला. न्याहारीच्या ब्रेडमध्ये झुकिनी, पास्ताच्या सॉसमध्ये फ्लॉवर आणि ब्रोकोली, रात्रीच्या पदार्थातही तसंच. मुलांनी नेहमीइतकंच खाल्लं, चवीबद्दल तक्रार केली नाही आणि दिवसभरात पोटात गेलेली भाजी जवळजवळ दुप्पट झाली. शिवाय ताटात बाजूला ठेवलेली भाजीही त्यांनी पूर्वी जेवढी खात तेवढीच खाल्ली. म्हणजे आमचा टेस्टिंगवाला बाबा अगदीच चुकीचा नाही.

पण एक गोष्ट या युक्तीने होत नाही. मुलाची भाजीशी ओळख होत नाही. दोन ते सहा या वयात मुलं नव्या खाण्याला बिचकतात, हे नॉर्मल आहे. कडू चवही त्यांना आपल्यापेक्षा जास्त बोचते, त्यामुळे मेथी-कारल्यावरची त्यांची ती तोंडं म्हणजे सगळंच नाटक नसतं. हे बिचकणं जातं ते एकाच उपायाने, पुन्हा पुन्हा चव घेऊन. एकदोनदा नाही, आठ, दहा, कधी पंधरा वेळा. आपण तिसऱ्या वेळी 'त्याला नाहीच आवडत' असा शिक्का मारून मोकळे होतो. ही ओळख तर जन्माआधीच सुरू होते म्हणे! फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमध्ये जूली मेनेला आणि सहकाऱ्यांनी काही बायकांना गरोदरपणात, तर काहींना बाळ अंगावर पीत असताना गाजराचा ज्यूस प्यायला दिला होता. पुढे त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा कमी तोंड वेडंवाकडं करत खाल्ली. हा अभ्यास २००१ चा. आता यात गाजर लपलेलं होतं का? होतं, पण त्याची चव लपलेली नव्हती. मुद्दा तोच आहे. चॉकलेटखाली गाडलेल्या पालकाची चवच लागत नसेल, तर ब्राउनीच्या शंभराव्या तुकड्यानंतरही पोराच्या लेखी पालक परकाच.

मग सांगून टाकलं तर? 'यात भाजी आहे' म्हटलं की पोरं ताट सरकवतील, अशी भीती सगळ्यांना असते. २०१२ साली अमेरिकेतच हेही तपासून झालं. मुलांना एकाच पदार्थाचे दोन नमुने दिले, एकावर भाजीचं नाव लिहिलेलं, एकावर नाही. ब्रोकोलीचा केक आणि झुकिनीचा ब्रेड यांच्या बाबतीत मुलांना नावाने काही फरक पडला नाही. फक्त छोल्यांच्या कुकीला नाव कळल्यावर कमी पसंती मिळाली, आणि छोले त्या मुलांच्या फारसे ओळखीचे नव्हते. थोडक्यात, मुलं भाजीला घाबरत नाहीत, अनोळखी भाजीला घाबरतात.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या खाण्याची नावं आठवली. कोथिंबीर वडी. अळूवडी. मेथीचे पराठे. लाल भोपळ्याचे घारगे. काकडीचे धपाटे. कोकणातली ती गोड तवसळी, नावातच तवसं म्हणजे काकडी. आपल्याकडे भाजी पिठात मिसळली, गुळात शिजवली, तळली, उकडली, सगळं केलं, पण तिचं नाव दारावरच्या पाटीसारखं पुढे लावलं. घारगा तोंडात टाकणाऱ्या पोराला भोपळा दिसत नाही, पण भोपळा खातोय हे माहीत असतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते, तिच्यात तर गाजर, वांगी, वाल, मटार, ओले हरभरे सगळे उघड्यावर बसलेले असतात. दोडक्याच्या शिरांचीसुद्धा चटणी करून तिला 'शिरांची चटणी' असंच म्हणणारे लोक आपण. 'हल्क डोसा' कितीही गोड वाटला तरी त्यात पालकाचं नाव गायब झालं, एवढीच माझी तक्रार.

आणि ही तक्रार उगाच नाही. आमच्याच टेबलावरच्या एका आईने कणकेत बीट घातलं. पोळी लाल का, असं सहा वर्षांच्या लेकाने विचारलं, तर म्हणाली, "स्ट्रॉबेरी घातलीय रे." आठवडाभर मज्जा. पोरगा शेजारच्यांना सांगत सुटला, आमच्याकडे स्ट्रॉबेरीची पोळी असते! मग एका सकाळी तो ओट्याशी आला आणि त्याला मिक्सरच्या भांड्यात बीट दिसलं. रडला नाही, ओरडला नाही. नुसता बघत राहिला, असं ती म्हणाली. तेव्हापासून तो पोळी फाडून आत बघतो. इडली मोडून वास घेतो. आजीने दिलेला लाडूसुद्धा आधी तपासतो. सध्या त्याला फक्त दहीभात चालतो, कारण पांढऱ्या भातात काही लपवता येत नाही. हे सांगताना ती हसत होती, आम्हीही हसलो, पण त्या दिवशी तिचा डबा अर्धा तसाच परत गेला.

सहा वर्षांच्या पोराला बीट आवडत नाही यात फारसं बिघडलेलं नाही. 'आई काय आहे म्हणाली आणि निघालं काय', यात बिघडलंय. उद्या ती त्याला सांगणार, हे औषध कडू नाही. इंजेक्शन दुखणार नाही. मी सहा वाजेपर्यंत येते.

दुसरी गोष्ट आमच्या टेस्टिंगवाल्या बाबाची, लाल भोपळा फेम. मघाशी सांगितलेला तो खिडकीचा शेरा त्याच्याच लेकाचा, तिसरीतल्या. शेरा आल्यापासून चार महिने त्या घरात मोहीम चालली होती. सॉसमध्ये भोपळा, पराठ्यात पालक, दुधात बदाम-अक्रोड. पोराचं वजन वाढलं, शेरा होता तिथेच. मग कुठल्याशा शिबिरात डोळे तपासले आणि नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांना, वजा अडीच! चौथ्या बाकावरून त्याला फळ्यावरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. फळाच दिसत नाही म्हटल्यावर पोरगं बघणार तरी कुठे? आणि लहान मुलं 'मला दिसत नाही' असं येऊन सांगत नाहीत. त्यांना वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं. लाल भोपळा डोळ्यांना चांगला हे खरं, पण तो नंबर घालवत नाही. "मी चार महिने त्याच्या पोटात बग शोधत होतो," बाबा म्हणाला, "आणि तो होता डोळ्यात." या वाक्यावर मात्र कोणी टाळी दिली नाही.

म्हणून मला कधी कधी वाटतं, पराठ्यात पालेभाजी लपते तसेच आपणही लपतो. मूल अभ्यासात मागे का पडतंय हा प्रश्न अवघड आहे. त्याला वेळ द्यावा लागतो, टीचरशी नीट बोलावं लागतं, डॉक्टरांकडे रजा टाकून जावं लागतं. त्या मानाने बीट किसणं सोपं, पंधरा मिनिटांत होतं आणि काहीतरी केल्यासारखं वाटतं. मीही शेरा आला की आधी बीटच किसलं असतं, कदाचित. म्हणून यादी आधीच फ्रिजवर लावून ठेवलीय. डोळे. कान. रक्त तपासून हिमोग्लोबिन (आयर्नचं सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, ते जास्त झालं तर धोक्याचं असतं). आणि झोप! सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री नऊ ते बारा तास झोप लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते झोपेच्याच कारणाने. पण आपण रात्री अकरा वाजता कॉलवरून मोकळे होणार आणि पोरं तोवर आपली वाट बघत जागी, मग शाळा नऊला भरून काय उपयोग? हे सगळं बघून झाल्यावरही मूल सतत, घरीदारी, सगळीकडेच भिरभिरत असेल तर बालरोगतज्ज्ञांना गाठा. मफिनवाल्या बाईला नको.

आमच्या घरात सध्या काय चाललंय, ते सांगते. रविवारी सकाळी कन्येला मंडईत घेऊन जायचं आणि तिला एक भाजी निवडू द्यायची. कुठलीही, मी नाही म्हणायचं नाही. (एकदा तिने सुरण निवडला. तो सोलताना नवऱ्याचे हात जे खाजले, ते अजून ऐकतेय.) त्या भाजीचं त्या आठवड्यात मी पिठात, वडीत, भातात काहीही करीन, पण नाव सांगून. 'यात काय आहे?' असं विचारलं की खरंच उत्तर. आणि एक छोटा घास नुसत्या भाजीचा, आवडला नाही तर गिळायची सक्ती नाही, टिश्यूत काढून ठेवायचा, भाषण कोणी द्यायचं नाही. हा शेवटचा नियम सासूबाईंना फार जड गेला. आमच्या वेळी ताट पुसून खायचो आम्ही, असं त्या म्हणतातच, पण हल्ली हळू आवाजात म्हणतात.

सगळं फत्ते झालंय असं मुळीच नाही. लाल भोपळा घाऱ्यांपर्यंत आलाय, भाजीपर्यंत नाही. पालक डाळीत चालतो, बाहेर नाही. वांग्याबद्दल आमच्यात बोलणी बंद आहेत. दोडका मात्र गेल्या मंगळवारी नवव्यांदा ताटात आला. मुगाची डाळ घालून, वर ओलं खोबरं. आठ वेळा तो टिश्यूत गेला होता. या वेळी तिने तो चावला, बराच वेळ चावला, माझ्याकडे बघत बघत गिळला आणि म्हणाली, "ठीकठाक आहे. पण उद्या नको."

परवाच्या रविवारी बाईसाहेबांनी कारलं उचललंय. तिला ते मगरीसारखं दिसतं म्हणून. पहिला घास आज रात्री.